इंदापूर रस्त्यावरची सुपरकार पंचायत

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं एकाच जागी दर रविवारी बसायला लागली की ते आपोआप साठत जातात. मग एखादा नवा माणूस विचारतो, "तुमी हितं बसून करता तरी काय?" तेव्हा काय सांगावं आणि काय गाळावं तेच कळत नाही.

बारामतीतून इंदापूरकडं निघालं की जुन्या गाड्यांचं एक यार्ड लागतं. तिथं मी गाड्या तपासायचं काम करतो. आलेली गाडी चालवून बघायची, खाली वाकून बघायची, किंमत लावायची. दिवसाला सात-आठ गाड्या हाताखालून जातात, पण प्रत्येक गाडी फक्त दोन किलोमीटर न्यायची आणि परत आणायची. वीस वर्षं मी दोन किलोमीटरवरून माघारी फिरतोय. त्यामुळंच असेल, मला एका जागी बसवत नाही.

रविवारी सकाळी यार्डाच्या शेडमध्ये आम्ही चौघं जमतो. विषय एकच, सुपरकार. तात्या वालचंदनगरला जन्मभर लेथवर काम करून रिटायर झालेले, त्यांचा जीव इंजिनात. प्रियांका मेकॅनिकल इंजिनिअर, लोणी देवकरच्या एका फॅक्टरीत पत्र्याचे पार्ट डिझाइन करते. ती बोलणार हवेबद्दल, एरोडायनॅमिक्सबद्दल. आणि कोऱ्हाळे बुद्रुकचे आबा, ऊसवाले. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "इकायला काढली तर काय येतंय?" सुपरकार आमच्यापैकी कुणाकडंच नाही. भांडायला काही अडत नाही.

* * *

एकदा मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. बारा सिलेंडरची, टर्बो नसलेली गाडी बोगद्यातून सुसाट जाते, असा. प्रियांका म्हणाली, आता टर्बो आणि बॅटरीचा जमाना आहे, आठ सिलेंडरात तेवढीच ताकद मिळते, बारा हवेत कशाला? तात्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि व्हिडिओ परत लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकला. मग तिसऱ्यांदा.

"ह्यो आवाज ह्या गाडीचा न्हाय," ते म्हणाले.

आम्ही हसलो. प्रियांकानं मात्र व्हिडिओखालचं सगळं लिखाण चाळलं. दोनेकशे लोकांच्या वाहवाच्या खाली, तो टाकणाऱ्यानंच कबूल केलं होतं की मूळ आवाज वाऱ्यानं खराब झाला, म्हणून दुसऱ्या गाडीचा जोडलाय.

तात्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. ते म्हणाले, "दुसरी बी बाराचीच हाय. पर जुनी."

* * *

आबांना पटत नव्हतं की वारा गाडीला खाली दाबतो. वारा उचलतो, पत्रे उडवतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. प्रियांकानं कागदावर बाण काढून दाखवले, तर ते म्हणाले, कागदावर काय, माझा ऊसबी एकरी शंभर टन निघतो.

शेवटी तिनं त्यांना यार्डातल्या पिकअपमध्ये बसवलं, मला गाडी पळवायला लावली आणि आबांना हात खिडकीबाहेर काढायला सांगितला. तळवा आडवा, पुढची कड वर केली की हात वर उडायचा. पुढची कड खाली केली की खाली आपटायचा. आबा पार जंक्शन गावापर्यंत हात वर-खाली करत राहिले.

पुढच्या रविवारी आले ते सांगतच. त्यांच्या ट्रॅक्टरवरचं छत रस्त्याला लागलं की फडफडायचं, दोनदा बोल्ट तुटले होते. त्यांनी पुढची कड चार बोटं खाली घेतली. आता छत गप बसतं. फिटरनं विचारलं, ही अक्कल कुणी दिली? आबांनी सांगितलं, "इटलीच्या गाडीची हाय."

* * *

रिसेलवरून मात्र आबा आणि मी जवळजवळ अबोल्यावर आलो होतो. मोबाइलवर एक पिवळी गाडी दाखवून मी सांगत होतो की ठरावीक संख्येतच काढलेली काही मॉडेलं दहा वर्षांनी घेतल्यापेक्षा जास्त किमतीला जातात. अट एकच, चालवायची नाहीत. झाकून ठेवायची.

आबांना राग आला. ते म्हणाले, खिलार खोंड घेतला तर औताला धरल्यावर, रानात चालल्यावर त्याची किंमत वाढती. दावणीला बांधून ठिवलेल्या बैलाला कोण इचारतंय? न चालवून जिची किंमत वाढती ती गाडी कसली, ते सोनं झालं.

मी म्हणालो, बाजार तसाच आहे. ते उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "मग तुजा बाजार येडा हाय." दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले आणि बसताबसता विचारलं, "त्या पिवळीला आता काय येतंय?"

* * *

खरीखुरी सुपरकार आम्ही पहिल्यांदा जवळून बघितली ती आबांच्याच गावात. लग्नाला आलेला पुण्याचा एक तरुण कोऱ्हाळ्याच्या स्पीडब्रेकरपुढं अडकला होता. गाडीचं नाक जमिनीपासून वीतभरसुद्धा नाही. आबांचा फोन आला आणि मी, तात्या, प्रियांका तसेच निघालो.

जाऊन बघतो तर निम्मं गाव कामाला लागलेलं. कुणी फळ्या आणल्या, कुणी पोत्यात माती भरली, आबांनी उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या अंथरायला घेतल्या. स्पीडब्रेकरचा चांगला लांबलचक उतार तयार झाला. तो पोरगा घामाघूम. गाडी थोरल्या भावाची, न विचारता आणलेली. खाली एक ओरखडा उठला तरी भाऊ घरात घेणार नाही, असं तो सारखं सांगत होता.

प्रियांकानं काचेतून आत बघितलं आणि विचारलं, "नाक वर करायचं बटण दाबलंत का?"

"कसलं बटण?" तो म्हणाला.

तिनं आत हात घालून दाबलं. गाडीनं नाक वर केलं आणि ती स्पीडब्रेकरच्या शेजारच्या मोकळ्या भागावरून अलगद पलीकडं गेली. फळ्या, पोती आणि पेंढ्या तिथंच राहिल्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या मोटारसायकली त्यावरूनच जात होत्या, म्हणे.

* * *

प्रियांकाचंही एक सांगतो. तिला चेन्नईच्या एका गाड्यांच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. तिथं मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एकानं विचारलं, सुपरकारचा मागचा पंख काढून टाकला तर काय होईल? वळणावर मागची चाकं पकड सोडतील, वगैरे उत्तर तिला पाठ होतं. पण तोंडातून निघून गेलं, "रिसेलला मार खाईल."

तिघेही हसले, मग तिनं खरं उत्तर दिलं. नोकरी मिळाली. नोकरीचं ते पत्र महिनाभर तिच्या पर्समध्ये होतं. दर रविवारी बाहेर काढायची, घडी मोडायची, परत घालायची. आम्हाला वाचून कधी दाखवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अजून तरी ती लोणी देवकरलाच कामाला जाते.

* * *

सुलभाताईंचं मात्र सांगितलंच पाहिजे. त्या इंदापूरच्या, त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. नवरा ठेकेदार होता, तो वारला. त्याची लाल सुपरकार त्यांनी एका रविवारी ट्रेलरवर घालून आमच्याकडं आणली. विकायची होती. पुण्याचा गिऱ्हाईक चार वाजता येणार होता. नवरा दर रविवारी गाडी सुरू करायचा, शेजारी उभा राहायचा आणि बंद करायचा. घरातल्या कुणालाही आत बसायची परवानगी नव्हती.

तात्यांनी इंजिन ऐकलं आणि म्हणाले, हिला कुणी पळवलीच न्हाय. प्रियांकानं गुडघ्यावर बसून गाडीखालून हवा कुठून कशी जाते ते ताईंना हातानं दाखवलं. मग आबांनी रिसेलचं समजावलं. मीटर जितका कमी, तितकी किंमत जास्त.

"आन मीटर वाढला तर?" ताईंनी विचारलं.

"तर उतरंल."

"किती उतरंल?"

आबांनी अंदाज सांगितला. ताईंनी किल्लीसाठी माझ्यापुढं हात केला. मी किल्ली दिली. रोपांची पिकअप त्या स्वतः चालवायच्या, त्यामुळं फक्त स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पट्ट्या आणि ब्रेक दाखवले. शेजारच्या सीटवर मीच बसणार, असं मी गृहीत धरून दार उघडलं.

"तुमी नको," त्या म्हणाल्या. "तुमी सारखं काहीतरी सांगत बसाल. तात्या, चला."

साडेअकरा वाजता दोघं इंदापूरच्या दिशेनं गेले. मला वाटलं, दोन किलोमीटर. बारा वाजले, एक वाजला. तात्यांचा फोन शेडमध्येच त्यांच्या पिशवीत वाजत होता. आबांनी जेवणाचा डबा उघडला नाही. प्रियांका स्कूटरवरून जंक्शनपर्यंत जाऊन आली. तिथला पंक्चरवाला म्हणाला, लाल कायतरी गेलं खरं, पर वळून बघूस्तवर न्हवतं. मी रस्त्याच्या कडेला जायचो, परत यायचो, परत जायचो. चार वाजता गिऱ्हाईक आला आणि तोही आमच्याबरोबर फेऱ्या मारू लागला.

पावणेपाचला गाडी आली. इंदापूरकडून नाही, बारामतीकडून. काचेवर किडे चिकटलेले, चाकांना लाल माती. आमच्याकडं माती काळी, लाल माती लागते ती थेट घाटाकडं. मीटर तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटरनं वाढला होता.

गिऱ्हाइकानं मीटर बघून किंमत पाडली. ताईंनी एका शब्दानंही घासाघीस केली नाही. कागदांवर सह्या केल्या, तात्यांच्या पाया पडल्या आणि न्यायला आलेल्या नर्सरीच्या पिकअपमध्ये बसून गेल्या.

मग आम्ही तिघांनी तात्यांना घेरलं. कुठं गेला होता? काय झालं? पाया का पडल्या?

तात्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं, टोपी काढून झटकली, परत घातली.

"बाई ब्रेक लई उशिरा दाबत्यात," ते म्हणाले.