मंगळावरचं बिऱ्हाड

पृथ्वी सोडून इतर कुठल्याही ग्रहावर संसार कसा करावा हे नीट ठाऊक असलेला माणूस त्या काळच्या बंगलोरात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा धाकटा दीर होता. पृथ्वीवर मात्र त्यांना स्वतःच्या चपला सापडत नसत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. मी निपाणीहून कॉलेजसाठी आत्याकडे बसवनगुडीला राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा गच्चीवर डोक्यावर बादली पालथी घालून फेऱ्या मारताना दिसले. मी घाबरून आत्याला हाक मारली. "काही नाही गं," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "चंद्रावर टोप घातल्यावर ऐकू कसं येतं ते बघताहेत. स्वल्प थांब, भूक लागली की काढतील." आत्याच्या सासरचं घराणं पिढ्यान् पिढ्या इकडचं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं की आत्याचं निपाणीचं बोलणंही त्यात कधीच विरघळून गेलं होतं.

अण्णा एका सरकारी कचेरीत इमारतींचे नकाशे काढत आणि उरलेल्या वेळात मासिकांसाठी अंतराळातल्या कथा लिहीत. नकाशे काढणाऱ्याचीच ती यानं. प्रत्येकात स्वयंपाकघर पूर्वेला, कपडे वाळत घालायला दोरी, लोणच्याच्या बरणीला भिंतीत कोनाडा. अण्णांचा नायक इंधन विसरला असता, पण लोणचं घेतल्याशिवाय त्यांनी त्याला उडू दिलं नसतं. दारावर येणाऱ्या भाजीवालीला ते विचारत, "वजनच नसलं तर पडवळ खाली वाढेल की वर?" ती बाई त्यांना नेहमी मूठभर कोथिंबीर जास्त घालत असे, बहुधा दयेनं. त्यांचं अक्षर नकाशावरच्या टिपांसारखं तुटक, म्हणून कथेची सुवाच्य प्रत करण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यामुळे त्यांच्या सगळ्या कथांची पहिली वाचक मी झाले.

कथा कुठल्याही ग्रहावरची असो, तिच्यात माणसं दोनच असत आणि दोघेही पुरुष. एक उंच, बडबडा, वस्तू हरवणारा. दुसरा बुटका, शांत, सगळं शोधून देणारा. ते मंगळावर उतरत, मिठावरून भांडत, कढीपत्त्याचं रोप जगवत. एका कथेत बुटका धुळीच्या वादळात सापडतो आणि उंच माणूस दारात दिवा धरून उभा राहतो. शेवटी बुटका येतो तेव्हा उंच माणूस एवढंच म्हणतो, "इतका वेळ कुठं होतास? भात थंड झाला." ते वाक्य उतरवताना माझा हात थांबला होता. हे जे काही होतं त्याला नाव असतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण तो बुटका कोण हे ओळखायला नावाची गरज नव्हती. तो दर संध्याकाळी आमच्याकडे कॉफीला येत असे.

ते एका कन्नड शाळेत भूगोल शिकवत, म्हणून सगळ्या गल्लीचे ते मेष्ट्रु, म्हणजे मास्तर. पृथ्वी मेष्ट्रूंकडे आणि उरलेलं विश्व अण्णांकडे, अशी दोघांची वाटणी होती. मेष्ट्रूंना मराठी वाचता येत नसे. छापून आलेली प्रत्येक कथा अण्णा व्हरांड्यात बसून त्यांना कन्नडमध्ये वाचून दाखवत आणि मेष्ट्रु डोळे मिटून ऐकत.

छापून येणं मात्र दुर्मीळच. पुण्या-मुंबईच्या संपादकांची उत्तरं एकाच साच्यातली असत: कल्पना नवी आहे, भाषा सुरेख आहे, फक्त एका प्रवाशाला स्त्री केलंत तर वाचकांना रुचेल. "यानात तिसऱ्याला जागा नाही," अण्णा म्हणत. मी म्हणे, "अण्णा, तिसरी नाही, दुसऱ्याच्या जागी." "मग तो कुठं जाईल?" ते खरोखर काळजीनं विचारत.

आत्यालाही त्यांच्या यानात एक स्त्री हवीच होती. तिनं आनेकलचं एक स्थळ आणलं. मुलीचे वडील चौकशीला आले तेव्हा अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले, "मी बराच काळ बुधावर असतो." "असू द्या की," गृहस्थ म्हणाले, "बुधवारी नाही तर गुरुवारी भेटू." "गुरूवर अजून गेलो नाही," अण्णा म्हणाले. गृहस्थ कॉफी अर्धी टाकून आनेकलच्या बसला गेले. आत्या दोन दिवस दिराशी बोलली नाही. मग म्हणाली, "भावोजी, तुम्हाला एकटं टाकून मी डोळे कसे मिटू?" अण्णांना हसण्यावारी नेता न आलेलं हे पहिलंच वाक्य.

त्या वर्षी पुण्याच्या एका नावाजलेल्या मासिकानं त्यांची वादळाची कथा दिवाळी अंकासाठी घेतली. अंक आला त्या दुपारी अण्णा कचेरीत होते. आधी आत्यानं वाचला, मग मी. बुटक्या प्रवाशाची सुमती झाली होती. 'तो म्हणाला'चं सगळीकडे 'ती म्हणाली' झालं होतं, आणि मंगळाच्या वादळात सुमतीनं पदर सावरला होता. विचारलं कोणी नव्हतं. अण्णा आले, उभ्या उभ्या वाचू लागले आणि वाचता वाचता खाली बसले. तेवढ्यात फाटक वाजलं. मेष्ट्रु मैसूरपाक घेऊन आले होते.

"ओदी, ओदी," मेष्ट्रु म्हणाले. वाचा, वाचा.

अण्णांनी अंक उघडला. मी शेजारीच बसले होते, पान मला दिसत होतं. कागदावर 'ती' होती, अण्णांच्या तोंडून 'अवनु' येत होतं, 'तो'. सुमती कुठंच नव्हती. पदराची ओळ आली तेव्हा ते अडखळले, मग शांतपणे म्हणाले, त्यानं चष्मा पुसला. मेष्ट्रु डोळे मिटून हसले. दार, दिवा, थंड झालेला भात, सगळं जसंच्या तसं आलं. मला भीती होती ती आत्याची. ती दारात उभी होती, कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, आणि तिनं एक शब्द उच्चारला असता तर मेष्ट्रूंना सगळं कळलं असतं. वाचन संपलं. आत्या पुढे आली, मेष्ट्रूंच्या हातात कॉफी दिली आणि ते गेल्यावर अण्णांना म्हणाली, "यानात पदर कसला सावरायचा? वेडा आहे तो संपादक. तुम्ही वाचलीत तीच बरी आहे." त्यानंतर घरात स्थळ आलं नाही.

पुढची कथा अण्णांनी बेळगावच्या एका छोट्या मासिकाला दिली. तिथल्या संपादकांनी एकही अक्षर न बदलता ती छापली. कुणी वाचली असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण एका रविवारी हुबळीच्या कापड दुकानात नोकरी करणारा एक तरुण पत्ता विचारत आला. बराच वेळ तो अण्णा आणि मेष्ट्रूंसमोर टोपीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "तुमच्या कथेतले ते दोघं... तसं राहता येतं का हो?"

"मंगळावर?" अण्णांनी विचारलं.

"हो," तो खाली बघत म्हणाला, "मंगळावर."

अण्णांनी मेष्ट्रूंकडे पाहिलं. त्यांना प्रश्न समजला होता की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. "येतं," अण्णा म्हणाले. "हवा स्वल्प कमी असते. सवय करावी लागते." तो तरुण आमच्याकडे जेवला. जाताना त्यानं आत्याला वाकून नमस्कार केला तेव्हा तिनं त्याच्या खिशात वाटेसाठी पेरू कोंबले.

मी लग्न होऊन इंदूरला गेले. बऱ्याच वर्षांनी आले तेव्हा अण्णा आणि मेष्ट्रु दोघेही निवृत्त होऊन राजाजीनगरात एका लहानशा घरात राहत होते. शेजारी त्यांना भाऊ समजत. एक मराठी आणि एक कन्नड कसा, हे कुणी विचारलं नाही. बेळगावचं ते मासिक केव्हाच बंद पडलं होतं. मी विचारलं, "अण्णा, तुमच्या कथांचे अंक आहेत का?" "घर बदलताना रद्दीत गेले असतील," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. "मग नवीन तरी लिहा की." "वेळ कुठं आहे? यांना पथ्याचं करावं लागतं, दुपारी औषध, संध्याकाळी फिरायला न्यायचं..." तेवढ्यात आतून मेष्ट्रूंचा खोकला ऐकू आला. अण्णा वाक्य अर्धवट टाकून उठले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आत दोघं कशावरून तरी कन्नडमध्ये हळू आवाजात वाद घालत होते. मी पायरीवर बसून राहिले. समोरच्या नव्या घरांतून एकेक दिवा लागत होता, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.