वयनींचं गाऱ्हाणं

वयनी कुणाच्याही घरातून निघताना आधी चप्पल उलटी करायच्या, दोनदा झटकायच्या आणि मगच पाय घालायच्या. दहिसरला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. चाळ पाडून बांधलेली इमारत, जिन्यात लाद्या आणि ट्यूबलाइट. तिथे विंचू यायचा कुठून? माझे मधले दीर बाबी भावोजी त्यांना हसायचे.

"वयनी, विंचू काय लिफ्टने वर येतो?"

वयनी झटकतच म्हणायच्या, "विंचू नाय तर तुझी जीभ असात आत. ती पण चावता."

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुनंदा. थोरले दीर लवकर गेले. त्यानंतर त्या बोरीवलीला ताडपत्री आणि पावसाळी कव्हरं शिवणाऱ्या एका दुकानात मशीनवर बसायला लागल्या. घरात मोठ्या त्याच, पण हुकूम भावोजींचा चालायचा; माझा नवरा धाकटा, तोही त्यांचंच ऐकायचा. भावोजी बोलायला लागले की त्यांची बायको मंदा खाली बघायची आणि मी स्वयंपाकघरात जायची. वयनी जागच्या हलायच्या नाहीत. त्यांना मालवणीशिवाय दुसरंही बोलता यायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. "माझा शिवण माझ्याच दोऱ्यान," म्हणायच्या.

एकदा दुकानात कुणीतरी फाटलेला तंबू टाकून गेलं. चेन तुटलेली, एक बाजू उसवलेली. मालक फेकायला निघाला होता, तो वयनींनी घरी आणला. नवी चेन लावली आणि उसवलेल्या जागी ट्रकच्या ताडपत्रीचं निळं ठिगळ मारलं. मग माझ्या मुलांना, मनवाला आणि यशला, घेऊन गच्चीवर गेल्या आणि तंबू उभा केला. मुलं आत शिरली तशी बाहेरून सूचना सुरू. "चेन उघडी ठेवू नका. आत खाऊ न्हेलो तर मुंग्ये येतले, मगे मुंग्ये आत आणि तुमी भायर." आम्ही दोघी जावा हसत होतो. तेवढ्यात भावोजी वर आले.

"वयनी, हे काय चाललंय?"

"सराव. गोराईक जातलंव, समुद्रार. एक रात रवान येतलंव."

"कोण कोण?"

"ह्यो दोघी, पोरा आणि मी."

"नुसत्या बायका? उघड्यावर झोपणार? वाट लागेल वयनी!"

"मगे तू ये."

"मला कामधंदे नाहीत काय?"

"आसत तर कर."

भावोजींचा चेहरा लाल झाला. ते मंदाकडे बघून बोलले, "जा, मी अडवत नाही. पण काही झालं ना, तर या घरातली बाई पुन्हा कधी एकटी बाहेर राहणार नाही. जत्रा नाही, माहेर नाही, काही नाही. सांगून ठेवतो."

मंदाचं हसू गेलं. तिचं माहेर लांब, वर्षातून एकदा ती एकटी जायची, तेवढाच तिला वारा लागायचा.

वयनींनी विचारलं, "आणि काय झाला नाय तर?"

भावोजी जिन्याकडे वळले.

"नाय झाला तर दर वर्साक जातलंव. ह्या पण सांगून ठेव."

बोरीवलीहून खाडी ओलांडून आम्ही गोराईला गेलो. तिथे किनाऱ्याला लागून एक वाडी होती, लोक येऊन तंबू लावायचे. वाडीवाल्याने नारळाखालची सावलीची जागा दाखवली. वयनींनी मान वर केली. "नारळ काय आमका इचारून पडतलो?" म्हणाल्या आणि उघड्यावरची जागा धरली, भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या रेघेपासून बरीच वर. चूल तंबूपासून लांब. मुलांच्या गळ्यात शिट्ट्या. मोरीकडे जायचं तर जोडीने, बॅटरी घेऊन. हे सगळं झाल्यावर त्यांनी सोलकढीचा डबा काढला आणि मला म्हणाल्या, "चल, शेजार करूया."

मला अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी म्हटलं, "कशाला? एका रात्रीपुरतं तर आहे."

"गो, तंबवाक कुलूप लागना नाय. शेजार हाच कुलूप."

आजूबाजूला तीन-चार कुटुंबं होती. वयनींनी प्रत्येकाला, वाडीवाल्याला आणि त्याच्या आईलाही, पेलाभर सोलकढी दिली आणि नाव-गाव विचारलं. एक म्हातारे आजोबा मुलुंडहून नातवंडांना घेऊन आले होते. ते मालवणचेच निघाले. सोलकढी पिऊन त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

दिवेलागणीला वयनी कालवणासाठी नारळ फोडायला बसल्या होत्या. तेव्हा पाच-सहा जण मोठा स्पीकर वाजवत, शेंगा सोलत आले आणि आमच्या तंबूला अगदी खेटून बसले. त्यांच्यातला एक तर आमच्या दोरीवरच बसला. तंबू एका बाजूला कलला. आत यश होता, तो घाबरून बाहेर आला.

"भाऊ, जरा सरकता का?" मंदा म्हणाली.

"आंटी, टेन्शन नको. जेन्ट्स कोण नाहीत का बरोबर? आम्ही आहोत ना!" बाकीचे हसले.

मंदाने माझा हात घट्ट धरला. "चल, परत जाऊया," ती पुटपुटली. परत गेलो असतो तर घरी भावोजी दारातच उभे असते, आणि मंदाचं माहेर त्याच रात्री संपलं असतं. हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

वयनी उठल्या. पदराला हात पुसले, हातातला नारळ तसाच न फोडता वाळूवर ठेवला आणि पदर खोचून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी घरातला कर्ता पुरुष नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांसाठी मोठ्याने मागणं मागतो. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सासरे घालायचे, मग थोरले दीर, मग भावोजी. बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यातून वयनी विधवा.

"बा देवा म्हाराजा!" वयनींचा आवाज किनाऱ्यावर गेला. "आज ही पोराबाळा तुझ्या भरवशार हय इली आसत. तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं ओरडली.

"कोणी शिटी इसारलो आसात, तर तेका आठवण दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी पेटता लाकूड तंबवाकडे हाडल्यान, तर तेचो हात धर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मंदाही ओरडली.

"आणि जे कोण न बोलवता आमच्या दोरयेर येवन बसले आसत, तेंका उठाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

या वेळी पलीकडच्या तंबूतून खर्जातला आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मुलुंडचे आजोबा काठी घेऊन उभे राहिले होते. त्यांच्यामागे त्यांची नातवंडं, मग दुसरं कुटुंब, मग वाडीवाला आणि त्याची आई. सगळे सोलकढी प्यायलेले. सगळे आमच्याकडे बघत उभे.

स्पीकर बंद झाला. दोरीवरचा उठला आणि चटई गुंडाळत म्हणाला, "सॉरी आंटी."

"सॉरी ऱ्हवांदे. शेंगांची टरफला उचल पयली."

त्याने उचलली.

मीही गाऱ्हाण्यात होते, पण माझे नुसते ओठ हलले, आवाज फुटला नाही. ते वयनींच्या नजरेतून सुटलं नव्हतं. जेवताना माझ्या ताटात माशाचं डोकं वाढत म्हणाल्या, "तुझो व्हय खय रवलो गो? देवाक सोड, माका पण ऐकाक इलो नाय. फुडच्या वर्साक मोठ्यान."

दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर दार भावोजींनी उघडलं. वयनींनी आम्हा सगळ्यांना पुढे ढकललं. "मोजून घे. सगळी आसत."

त्यानंतर आम्ही दर वर्षी गेलो. मंदा माहेरीही गेली. भावोजी दर वर्षी काहीतरी कुरकुर करायचे आणि वयनी दर वर्षी "मोजून घे" म्हणायच्या. माझा आवाज मात्र मुलांच्या आवाजाखालीच राहिला. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून चार माणसांत मोठ्याने बोलायची मला सवय नाही. हेसुद्धा मी लिहितेय, कुणाला सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात वयनींच्या किडन्या गेल्या. इस्पितळात नर्स त्यांना चालवायला यायची, तेव्हा त्या तिथली रबरी चप्पलसुद्धा उलटी करून झटकायच्या. नर्स म्हणाली, "मावशी, इथे काही नसतं." वयनी म्हणाल्या, "नसता म्हणानच येता." शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं. माझा हात धरून एकदा एवढंच म्हणाल्या, "तंबू माळ्यार आसा. उंदीर लागतलो. वापरात ठेव."

थंडी पडली तशी मनवाने तंबू खाली काढला. मी डबे भरले, मंदाने पिशव्या. भावोजी बाहेरच्या दाराच्या चौकटीला आडवा हात लावून उभे राहिले.

"वयनी होत्या तोवर ठीक होतं. आता कोण आहे तुमच्याबरोबर? गाऱ्हाणं कोण घालणार तिकडे?"

मंदाने खाली बघितलं. मुलं माझ्याकडे बघायला लागली. माझे पाय स्वयंपाकघराकडे वळले होते. पण तंबूचं निळं ठिगळ समोर होतं.

मी पिशवीतला नारळ काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"बा देवा म्हाराजा!" आवाज कापत होता, पण होता. समोरच्यांचं दार उघडलं. "ही पोराबाळा आणि आमी दोघी आज भायर पडतंव. वयनी जशी राखण करी, तशी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं.

पुढचं वयनींच्या गाऱ्हाण्यात नव्हतं. ते माझं होतं.

"आणि जो कोण आमच्या वाटेत आडवो उभो आसा, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

 मग मंदाने मान वर केली आणि नवऱ्याकडे बघत, जिन्यात घुमेल एवढ्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

भावोजींनी चौकटीवरचा हात काढला.

मी चप्पल उलटी केली, दोनदा झटकली आणि पाय घातला.