उलट भेट

माझी आई कधी आजारी पडेल असं आम्हा भावंडांना वाटलंच नव्हतं. ऐंशी ओलांडलेली बाई, आमच्या गावी हळर्णला एकटी राहते, विहिरीचं पाणी ओढते, आणि मी साखळीच्या माझ्या घरून फोन केला की "आता कामात आसंय" म्हणून ठेवून देते. गेल्या चतुर्थीनंतर तिला न्यूमोनिया झाला आणि इस्पितळात ठेवावं लागलं. तेव्हा कळलं की आजारी पडण्यात बाई पदवीधर आहे.

खाटेवर टेकल्या टेकल्या तिने डोक्याला टॉवेल गुंडाळला, डोळे अर्धे मिटले आणि आवाज असा बारीक केला की नर्सला वाकून ऐकावं लागे. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, हुकूम सोडायची सवय. पण आईपुढे माझा हुकूम कधी चालला नाही, म्हणून मी चाकरी धरली. पेज चमच्याने भरवायची, केस विंचरायचे, पाय चेपायचे, भांडं द्यायचं. चार दिवस मी तिला खाटेखाली पाय ठेवू दिला नाही.

गावची माणसं बघायला येत. हातात शहाळं नाहीतर बिस्किटांचा पुडा. येऊन म्हणत, "नशीबवान गो तू. लेक कशी हातार झेलता." आई टॉवेलाखालून हुंकार देई आणि मी फुलून जाई. आमच्याकडे आजाऱ्याला हलू न देणं हीच माया. जो जास्त झोपतो त्याची माणसं जास्त चांगली.

पाचव्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी माझी ही माया दोन मिनिटांत उतरवली. छाती सुधारतेय, म्हणाले, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद झोपून झोपून जाते आणि गेलेली लवकर येत नाही. "स्वतःच्या पायांनी संडासला गेल्या, पायऱ्या चढल्या, तर पुन्हा हळर्णला एकट्या राहतील. नाहीतर तुमच्याकडे न्यावं लागेल. आणि ताई, तुम्हीच त्यांना झोपवून ठेवलंय."

शरमेने माझा चेहरा उतरला. पण खरं ते सांगते. "तुमच्याकडे न्यावं लागेल" हे ऐकून आत कुठेतरी मला बरं वाटलं. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली मागची खोली मी तिसऱ्याच दिवशी आवरून घेतली होती. जनेलाजवळ, बाहेरचं दिसेल अशी खाट, नवी चादर, न्हाणीत धरायला दांडा. नवरा गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. मला वाटे, आता तरी आई माझ्याकडे राहील. आणि त्याच वेळी हेही माहीत होतं की हळर्णचं दार बंद झालं तर ती मला जन्मात माफ करणार नाही.

दुपारी फिजिओ आली. पंचविशीची पोर, आईला आजी म्हणाली ते ठीक, मला काकी म्हणाली ते मी ऐकून घेतलं. "आजी, उठूया. दिवसातून तीनदा चालायचं."

आईने एक डोळा उघडला. "चार पोरां आसान म्हातारी एकटीच चलत संडासाक गेली म्हणान गाव सांगात. माका नको बाय ती शोभा."

फिजिओने समजावलं. मी समजावलं. मग मी शाळेत ओरडायचे तशी ओरडले, तर शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, आई मात्र नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. खाण तशी माती म्हणतात, पण माझा हट्टीपणा तिच्यापुढे अगदीच किरकोळ.

सुटका झाली ती संध्याकाळी, आणि माझ्या अकलेने नाही. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, बारा खाटा पलीकडे, डिचोलीची एक म्हातारी होती. खुब्याला मार लागून आलेली, तीही उठायचं नाव घेत नसे. तिच्या सुनेचं माहेर हळर्णचं निघालं. झालं, सून आणि मुलगा बिस्किटांचा पुडा घेऊन आईला बघायला आले, दहा मिनिटं बसले, "बरी हो गो" म्हणून गेले.

ते वळले तोच आईने टॉवेल काढला. "माझी साडी खंय आसा?"

"कशाला?"

"त्यांच्या माणसांनी माका बगल्यानी. मी तिका बगूक नको?"

मी म्हटलं, तू पडून रहा, तुझ्या वतीने मी जाऊन येते. तिने माझ्याकडे असं बघितलं की बत्तीस वर्षांची नोकरी फुकट गेल्यासारखं वाटलं. "तू जावन काय करतलंस? बगल्यानी माका."

इस्पितळाचा झगा उतरला, साडी आली, कुंकू आलं. फिजिओ घरी निघाली होती, तिला मी दारातून ओढून आणलं. तिने एक हात धरला, मी दुसरा. आई निघाली. पहिल्या तीन खाटांपर्यंत पाय नुसते थरथरत होते. सहाव्या खाटेशी तिला थांबून दम घ्यावा लागला. मी म्हटलं, परत फिरूया. "रिकाम्या हातान?" असं म्हणून तिने मलाच परत पाठवलं, काहीतरी आणायला. मी घाईत उशाकडचा पुडा उचलला, तो नेमका त्यांनीच दिलेला. आईने त्याचा दाबलेला कोपरा पदराखाली लपवला आणि तोच पुढे केला.

डिचोलीच्या म्हातारीने आईला येताना बघितलं आणि चटकन टॉवेल डोक्याला गुंडाळून कण्हायला लागली. आईला ते फार आवडलं. परत येताना म्हणाली, "रीत समजता तिका."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर घेऊन, एका बाजूला सून, डिचोलीची म्हातारी आमच्या खाटेशी हजर. तोच पुडा हातात. आई तोपर्यंत उशीला टेकून चहा पीत होती, ती आडवी झाली. दहा मिनिटांचा हुंकार झाला. भेट आली म्हणजे भेट द्यायला हवी, म्हणून संध्याकाळी आई गेली. तीन दिवसांत पुडा किती वेळा वॉर्ड ओलांडून गेला देव जाणे, पण उघडला कुणी नाही. संडासाला जाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वाटेतच होता, जाता जाता आटोपायचा.

फिजिओ कागदावर प्रगतीबद्दल लिही. आईला विचारलं, आज किती चाललात, तर म्हणे, "मी खंय चलतंय? मी बगूक गेलंय."

आठव्या दिवशी डिचोलीची म्हातारी वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात हलवली गेली आणि उलट भेट द्यायची आईकडे राहिली. लिफ्ट होती. आई आत डोकावली आणि "हेतूर जीव घुसमटता" म्हणून जिन्याकडे वळली. फिजिओ मागे, मी पुढे, आई मध्ये, कठड्याला धरून एकेक पायरी. वर पोचल्यावर ती घामाघूम झाली होती आणि मी तिच्याहून जास्त. वरच्या पायरीवर डॉक्टर उभे होते. ते माझ्याकडे बघून हसले.

दोन दिवसांनी, डिचोलीची सून खाली येऊन पुडा देऊन गेली त्याच दिवशी, आई हळर्णला घरी गेली. व्हरांड्याच्या पाच पायऱ्या तिने माझा हात झिडकारून चढल्या. मला आनंद झाला, शपथेवर सांगते. मग साखळीला येऊन मागच्या खोलीत बसले आणि रडले. म्हातारी माझी आई होती, आणि मला ती हवी होती.

तीन आठवड्यांनी दुपारी बेल वाजली. दारात आई. दोन बस बदलून आलेली, दोन मजले चढून आलेली, दम खात भिंतीला हात टेकून उभी.

"एकटी आलीस? फोन तरी करायचा."

"दहा दीस तू माका बगूक इलंस," ती म्हणाली. "मी नाय इलंय तर बरां दिसात?"

"अगं, मी कुठे आजारी आहे?"

ती सरळ मागच्या खोलीत गेली. खाट बघितली, चादर चाचपली, न्हाणीतला दांडा ओढून बघितला. खाटेवर आडवी झाली, मला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या केसांतून हात फिरवत अर्धा तास पडून राहिली. मग उठून म्हणाली, खोली बरी आसा, आणि चारची बस गाठायला निघाली. मी सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाली.

जाताना तिने पिशवीतून पुडा काढून माझ्या हातात दिला. कोपरा दाबलेला होता. रविवारी तोच घेऊन मी हळर्णला गेले.