फाटकापाशी ठेवलेली गाजरं

तेओफिल गोजेलिकच्या गाजरांना अख्ख्या वस्तीत मान होता. सिलेशिया या खाणी-भट्ट्यांच्या मुलखातल्या त्या शहरात एका बाजूला शिशाची भट्टी, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या लाल विटांच्या चाळी, आणि मधल्या पट्ट्यात घरटी एकेक भाजीचा मळा. तेओफिल भट्टीतून निवृत्त झाला तो थेट त्या मळ्यातच जाऊन बसला. फवारणी नाही, दुकानातलं खत नाही. शेण, पालापाचोळा आणि हाताने केलेली खुरपणी.

“दुकानातली भाजी म्हणजे नुसती औषधं,” तो सांगायचा. “माझं गाजर उपटा, विजारीला पुसा आणि खा.”

त्याची नात रुटा तस्संच खायची. तिचे आईबाप कामासाठी जर्मनीत गेले होते आणि पोर आजीआजोबांच्या अंगाखांद्यावर वाढत होती.

वारा भट्टीकडून सुटला की बायका दोरीवरचे कपडे भराभर ओढून घ्यायच्या. उशीर झाला तर पांढऱ्या चादरींवर राखाडी थर बसायचा, बोट फिरवलं की रेघ उमटायची. लहान पोरांनासुद्धा हे ठाऊक होतं. चादरी आत जायच्या, खिडक्या बंद व्हायच्या. मळा मात्र बाहेरच राहतो, हे कुणाच्या मनात आलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता रुटा पांढरी पडू लागली. पोट दुखतंय म्हणून जिन्याच्या पायरीवर अंगाचं मुटकुळं करून बसायची. दिवसभर गाणी म्हणणारी पोर, तिला आता गाण्याचे शब्द आठवेनात.

“पोरीच्या अंगाला काही लागत नाही हो,” तेओफिलची बायको ओतिलिया म्हणाली.

“रक्त कमी झालंय, दुसरं काय? माझ्या आईने मला वाढवलं तसं करू.”

तिकडे फिकट पोरांना गाजराचा रस देतात. तेओफिल रोज सकाळी ताजी गाजरं किसायचा, फडक्यात घालून पिळायचा आणि पेला पोरीच्या ओठाला लावायचा. पोर जसजशी फिकी पडत गेली, तसतसा पेला मोठा होत गेला.

शेवटी रुटा चालता चालता पडायला लागली, तेव्हा तो तिला घेऊन डॉक्टर बानाशिककडे गेला. म्हाताऱ्या डॉक्टरने तिच्या हिरड्या पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. पुन्हा बोलावलं तेव्हा त्याने आधी उठून दार लावलं.

“तेओफिल, भट्टीवर तुम्हाला रोज दूध का द्यायचे?”

“शिसं बाधू नये म्हणून.”

“ते या पोरीच्या रक्तात आहे. भट्टीत राबलेल्या गड्याइतकं. खाते काय ही?”

“एकदम शुद्ध, डॉक्टर. सगळं आमच्या मळ्यातलं. गाजराचा रस तर मी स्वतःच्या हाताने...”

तेओफिलच्या डोळ्यांसमोर दोरीवरची राखाडी थर बसलेली चादर आली.

“मातीखाली वाढतं ते सगळं बंद,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला. “पालाही नको. हिला डोंगरातल्या आरोग्यधामात जागा मिळवतो. तोवर त्या रसाचा एक घोटसुद्धा पोटात गेला, तर मी काही सांगू शकत नाही. आणि बाहेर गवगवा करू नका. या शहरात शिसं नाही, असं वरून ठरलेलं आहे.”

शनिवारी तेओफिलने मळा उपसायला घेतला. गाजरं, सेलरीचे कंद, जे हाताला लागेल ते. प्रत्येक गाजर सरळ, तजेलदार, डाग म्हणून नाही.

कुंपणापलीकडून शेजारीण एल्फ्रीदाने हाक मारली. “काय रे तेओ, भुताने झपाटलं का? एवढ्यात काढायला लागलास?”

“कीड लागलीय.”

“तुझ्या गाजरांना कीड? मग माझ्या नवऱ्याला अक्कल आली म्हणायची!”

तो हसला नाही. पेट्या भरल्या आणि सोमवारी कचऱ्याची गाडी येईल म्हणून फाटकापाशी रचून ठेवल्या. त्याच्या डोक्यात एक रुटा सोडून दुसरं काही नव्हतं. फाटकापाशी ठेवलेलं ज्याला हवं त्याने न्यावं, ही वस्तीची जुनी रीत. वर्षानुवर्षं त्याने स्वतःच जास्तीच्या काकड्या तिथे ठेवल्या होत्या. नेमकं त्या दिवशी त्याला ते आठवलं नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर तो तळघरात कोळसा आणायला गेला. वर आला तर स्वयंपाकघरात एल्फ्रीदा बसलेली. टेबलावर बरणी, आणि रुटाच्या दोन्ही हातांत नारिंगी रसाने भरलेला पेला.

तेओफिलने तो हिसकावला. रस पोरीच्या झग्यावर सांडला, ती भेदरून रडू लागली.

“प्यायलीस? रुटा, सांग, प्यायलीस का?”

रुटाने मान हलवली. नाही म्हणाली की हो, त्याला कळेना. तिच्या वरच्या ओठावर नारिंगी रेघ होती.

“डोकं फिरलं का तुझं?” एल्फ्रीदा ओरडली. “पोरीसाठी मुद्दाम पिळून आणला. कीड म्हणे! एकसुद्धा किडकं निघालं नाही. अरे, तुझीच तर गाजरं!”

“म्हणूनच.” त्याने बरणी तिच्यापासून दूर सरकवली. “बाकीच्या पेट्या कुणी नेल्या?”

“कुणी म्हणजे? सगळ्यांनी! मी गेले तेव्हा तळाची उरली होती. वरच्या मजल्यावरच्या त्या जुळ्या पोरांच्या आईने तर टोपली भरून नेली. सगळे दुवा देतायत तुला.”

“त्यात शिसं आहे, एल्फ्रीदा.”

ती हसायला लागली, मग त्याच्या तोंडाकडे पाहून थांबली. तिची नजर हळूहळू बरणीकडे गेली. रस गाळताना तिने चव घेऊन पाहिली होती.

रडणं ऐकून आतून धावत आलेल्या ओतिलियाने रुटाला मोरीकडे नेलं. तेओफिल तसाच जिन्यात आला. रविवारची दुपार होती. तळापासून माळ्यापर्यंत, दर मजल्यावर, कोंबडीच्या सुपाचा वास कोंदला होता. गाजर आणि सेलरी घालून सकाळपासून मंद शिजणाऱ्या सुपाचा. कुठल्या पातेल्यात त्याचा मळा होता आणि कुठल्या नाही, हे वासावरून कसं कळणार?

डॉक्टरने गप्प राहायला सांगितलं होतं. तेओफिलने कठड्याला धरलं, जिना चढला आणि जुळ्यांच्या घराचं दार ठोठावलं.

“या, या, दार उघडंच आहे!” आतून त्यांच्या आईचा आवाज आला. तिच्या मागून चमचे ताटलीवर वाजत होते. “आत्ताच वाढलंय.”