बदामाची खुर्ची

माझी भावजय मेना हिच्याइतकी जळकी बाई आमच्या खोऱ्यात दुसरी नव्हती, आणि हे मी सांगतेय, म्हणजे बघा. जळण्यात मीही काही कच्ची नाही.

मेना पलीकडच्या खोऱ्यातली. आईबापाविना काकाच्या गोठ्यात वाढली, कळायला लागल्यापासून गाईंच्या धारा काढत आली. त्यामुळे हात असे रुंद झाले, की थंडीत तिला पुरुषांचे हातमोजे घ्यावे लागत. माझा भाऊ लेनार्त सुतार. डोंगरावरच्या लाकडी घरांसाठी जेवणाची टेबलं, बाकं, खुर्च्या करायचा, आमचा बाप करायचा तशाच. तो त्या काकाच्या गोठ्याचं दार बसवायला गेला आणि हिला घेऊन आला. तोवर त्याच्या ताटलीत बार्लीचं सूप मी वाढत होते. हिने आल्या आल्या पळी हातात घेतली. मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

आमच्याकडे जेवणाच्या खुर्चीच्या पाठीला एक भोक असतं, बोटं घालून उचलायला. एरवी ते गोल. पत्त्यांतल्यासारखा बदाम कापायचा तो फक्त लग्नाच्या खुर्चीला. नवरीने सुताराकडे जायचं, फळीवर हात ठेवायचा, त्याने भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि त्या मापाचा बदाम कापायचा. मग ती खुर्ची त्या हाताची. बसायला कुणीही बसावं, पण बदामात बोटं घालून उचलायची ती मालकिणीने. बाकीच्यांनी कडेला धरून सरकवायची.

मेनाचं लग्न घाईत झालं, कारण आमची आई अंथरुणाला खिळली होती आणि तिला सून बघायची होती. खुर्ची करायला वेळ कुठला! मेनाला आईचीच दिली. आईचा हात एवढासा. मेनाची बोटं त्या बदामात पहिल्या पेरापर्यंत जायची आणि अडकायची. "लग्नानंतर तुझी करतो," लेनार्त म्हणाला. मग पाळणे झाले, गिऱ्हाइकांची टेबलं झाली, आणि मेना स्वतःच्या घरात पाहुणीसारखी कडेला धरून खुर्ची सरकवत राहिली. मला ते बघून बरं वाटायचं.

पुढे सपाटीवरच्या शहरांतल्या लोकांना आमच्या जुन्या सामानाचं वेड लागलं. वर कुरणापाशी ओटिलियाची खाणावळ आहे. ही ओटिलिया विधवा, अंगाने काडी आणि हसायला पुढे. तिने लेनार्तला एक टेबल आणि खुर्च्या सांगितल्या. अट एकच: आजोबांच्या वेळचं दिसायला हवं. लेनार्तने पडलेल्या गोठ्याच्या फळ्या आणल्या. जिथे नवीन लाकूड लागलं तिथे ते साखळीने झोडपलं आणि वर काळी कॉफी फासली.

"खुर्चीला मारायला साखळी आहे," मेना म्हणाली, "आणि बायकोशी बोलायला तोंड नाही."

ओटिलिया काम बघायला दर आठवड्याला खाली यायची. "लेनार्त, जादू आहे रे तुझ्या हातात!" असं म्हणून त्याच्या बाहीवरचा भुसा झटकायची. मेनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या दिवशी आमच्या जेवणात मीठ जास्त पडायचं.

सामान वर गेलं. नंतर एका रविवारी मी प्रार्थनेहून येताना ओटिलियाकडे सफरचंदाचा केक खायला गेले, तर टेबलाच्या मुख्य जागी, कोपऱ्यातल्या क्रूसाखाली, बदामाची खुर्ची. मी केक अर्धा टाकून घरी आले. मेना शिळ्या पावाचे गोळे वळत होती.

"ओटिलियाला बदाम मिळाला हो," मी म्हटलं.

हातातला गोळा चेपला गेला. "खोटं."

"डोळ्यांनी पाहिला. चांगला ऐसपैस आहे."

आगीत तेल ओतलं म्हणाल, तर ओतलं. हातात बुधली असल्यावर कोण ओतत नाही?

जेवताना मेनाने विचारलं, "ओटिलियाच्या खुर्चीला बदाम का?"

"तिने मागितला," लेनार्त म्हणाला. "शहरातली माणसं फोटो काढतात म्हणे."

"मापाला कधी आली होती?"

"नाही आली."

"मग माप कुणाचं?"

लेनार्तचे कान लाल झाले. तो सूप तसंच टाकून उठला आणि बाहेर लाकडं फोडायला गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मेनाने मला एवढंच विचारलं, "म्हणजे हात न ठेवताच त्याला तिचा हात ठाऊक आहे?" मी गप्प बसले. कधी गप्प बसायचं ते मला कळतं.

सकाळी ती चढण चढायला निघाली. मीही निघाले, असला तमाशा चुकवण्याइतकी मी म्हातारी झाले नव्हते.

ओटिलिया टेबल पुसत होती. मेनाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "बदामात हात घाल," ती म्हणाली.

"अगं, काय झालं?"

"घाल म्हणते ना!"

ओटिलियाने घाबरत बोटं घातली. तिची ती काड्यांसारखी बोटं आत सैल लोंबत राहिली. आणखी एक हात मावला असता. मेना बघतच राहिली. मग तिने तिला बाजूला सारलं आणि स्वतःचा हात घातला. चारी बोटं मुळापर्यंत गेली. ना इकडे जागा, ना तिकडे. करंगळी वाकडी आहे तिची, गाईने लाथ मारल्यापासून. बदामाला त्या बाजूला तेवढाच फुगवटा होता.

मला वाटलं, आता रडेल. पण ती पेटली. "माझा हात! माझा हात त्याने हिच्या घरी दिला! मी जन्मभर कडा धरून सरकवायची, आणि माझ्या बदामाचे फोटो काढायचे दुसऱ्यांनी?" आणि तिने त्याच हाताने खुर्ची उचलली.

"मेना, ती माझी—" ओटिलिया म्हणाली आणि थांबली. तीही इथलीच. भोकात कुणाची बोटं बसली ते तिने पाहिलं होतं. "ने बाई," ती म्हणाली. "मला साध्या भोकाची पाठव म्हणावं."

सगळी उतरण मेनाने खुर्ची एकटीने वाहिली. मला कडेलाही हात लावू दिला नाही.

लेनार्त दारात उभा होता. तिने खुर्ची त्याच्यासमोर आपटली. "न मोजता कसा कापलास?"

"बदाम काप म्हटल्यावर हात तसाच फिरला," तो म्हणाला. "दुसरा हात मला येतच नाही."

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली गं. तुझी राहिली आणि तिची झाली."

मेना खुर्चीवर बसली. मग ती रडली, आणि तो वेड्यासारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मी सूप गरम करायला गेले. मला कुणी बोलावलं नाही.

तेव्हापासून मेना निवली आहे. ओटिलियाला जाम पाठवते. माझ्याशीही गोड बोलते: "बुर्गा, दमलीस, बस जरा." मला तिच्या त्या गोड बोलण्याचा संताप येतो. माझ्या हाताचा बदाम कुणी न बघता कापला नाही आणि बघूनही नाही. ती जळत होती तोवर या घरात मला सोबत होती. आता मी एकटीच जळते.