हाताखालची धडधड

झोपताना माझा हात छातीवर ओढून घेतल्याशिवाय ह्यांना झोप लागायची नाही.

इचोड्याच्या बाजारात आम्हा नवराबायकोचं भाजीचं दुकान. तिथंच वांगी तोलताना हे कोसळले. लोक धावले, सगळे मायेचेच. "उठवून बसवा, पानी पाजा!" कुणी आमच्याच दुकानातला कांदा फोडून नाकाशी धरला. छातीला मात्र कुणी हात लावला नाही. हे गेले.

पुढं दवाखान्यात शिबिर झालं. रबरी पुतळ्याची छाती दाबायला शिकवणारी नर्स तेलुगूत ओरडायची, "गट्टिगा!" म्हणजे जोरात. मी इतकी जीव खाऊन दाबायची की बाकीच्या बाया हसायच्या. हसोत बापड्या.

परवा दुकानासमोर एक ट्रकवाला पडला. श्वास बंद. शेजाऱ्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. दुसऱ्यानं सवयीनं कांदा उचलला, तो मी हिसकावून फेकला. "आडवाच राहू द्या त्याले!" म्हटलं आणि दाबत राहिले. गाडी यायच्या आधीच तो कण्हला.

"सोडा आता बाई, वाचला तो," लोक म्हणून राह्यले होते. मला कळत होतं. पण तळव्याखाली धडधड चालू होती, आणि हात काही उचलवेना.