पानमळ्याबाहेरच्या चपला

वालचंदनगरचं क्वार्टर सोडलं त्या सकाळी मी टेम्पोत चढले ती पायात ह्यांच्या स्लिपर घालून. निळ्या पट्ट्यांच्या, टाचेला झिजलेल्या आणि मला चांगल्याच मोठ्या. ह्यांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कारखान्यात लेथवर काम करणारा, कधी डोकं दुखलं म्हणूनही न सांगणारा माणूस दुपारी जेवायला घरी आला, छातीत कळ येतेय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. क्वार्टर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं, हे आपल्या लाइनीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. 

तुम्ही सगळ्या मैत्रिणी आपापल्या फाटकाशी उभ्या होतात. शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी दशम्यांचा डबा हातात दिला, जशी काही मी काशीलाच निघाले होते. निघाले होते कुठं, तर निमगाव केतकीला! एसटीनं तासभरसुद्धा लागत नाही. माझी रेखा नऊ वर्षांची होती, पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं म्हणून ती खुशीत होती. मी मागं गॅसची शेगडी धरून बसले. कारखान्याचा भोंगा झाला आणि टेम्पो हलला. अकरा वर्षं त्या भोंग्याच्या बेतानं मी तव्यावर भाकरी टाकली होती.

लोक गाव सोडून शहरात जातात आणि मग गावाच्या आठवणी काढतात. माझं सगळंच उलटं. मी कन्हेरीची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन कॉलनीत आले तेव्हा घरातल्या नळाला पाणी बघून हरखले होते. ट्यूबलाइट, शहाबादी फरशी, संध्याकाळी मैदानाला बायकांची फेरी. थोड्याच वर्षांत अशी काही कॉलनीवाली झाले, की माहेरी गोठ्यावरून जाताना नाकाला पदर लावायची. आणि आता तेच सगळं सोडून परत रानात. त्र्याण्णव साल होतं ते. तुमच्यातल्या काही पुढं पुण्याला गेलात, काही मुलांच्या मागं अमेरिकेला, काही अजून तिथंच आहात. तुम्हां सगळ्यांना हे एकदा सांगायचंच होतं. कारण त्या सकाळी तुम्ही माझ्याकडे जसं बघत होतात ते मी विसरलेले नाही. 'बिचारी' असं कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांत तेच होतं. मला तो शब्द तेव्हाही सोसत नव्हता, आजही सोसत नाही.

सासरचं घर म्हणजे रानातली चार खोल्यांची वस्ती. सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, धाकटे दीर दत्तू भावजी आणि त्यांची बायको कमल. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. आत्याबाई नवी नवरी असल्यापासून मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालत गेलेल्या. पुढं सासऱ्यांनी मेंढरं विकली, विहीर पाडली आणि शेजाऱ्याकडून शिकून घेऊन विड्याच्या पानांचा मळा लावला. पानमळा बाहेरून बघितला तर नुसतं गवती ताट्यांचं कुंपण. आत शिरलं की शेवरीच्या झाडांच्या रांगा, प्रत्येक झाडावर चढलेली वेल, आणि भर दुपारी माठाशेजारी बसल्यासारखा गारवा.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी काहीतरी हातभार लावावा म्हणून मी सरळ त्या मळ्यात शिरले. स्लिपर घालून!

"वहिनी, चपला! आदी चपला काढा! देवाचा मळा हाय ह्यो!" दत्तू भावजी आतून केवढ्यांदा ओरडले.

मी जीभ चावली, बाहेर येऊन स्लिपर काढल्या आणि पुन्हा आत पाऊल टाकलं. या वेळी ते ओरडले नाहीत. हातातल्या, वेली बांधायच्या लव्हाळ्याच्या पेंढीकडे बघत नुसते उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात मागून आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "सुनंदा, हिकडं ये. आपली जागा हितं."

आपली जागा म्हणजे कुंपणाबाहेरचं छप्पर. आत खुडलेली पानं टोपलीतून तिथं यायची, ती निवडायची आणि एकावर एक रचायची. आमच्या घरची रीत अशी, की कपाळ मोकळं झालेल्या बाईनं वेलीला हात लावायचा नाही. पान लग्नात जातं, पूजेत जातं, देवापुढं सुपारीखाली बसतं, मग त्याच्या वेलीला आमचा हात कसा चालावा! आत्याबाईंनी सासऱ्यांच्या बरोबरीनं खड्डे घेऊन तो मळा लावला होता. आणि सासरे गेले त्या दिवसापासून त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. कुंपणाच्या फटीतून जेवढा दिसेल तेवढा मळा बघायच्या.

मला असा संताप आला म्हणता! खुडलेल्या पानाला आमचा हात चालतो आणि वेलीवरच्या पानाला नाही, हा कुठला न्याय? आत्याबाईंना तसं विचारलं, तर टोपली पुढं ओढत म्हणाल्या, "रीत हाय बाई. म्या पाळली, आता तू पाळायची."  मी दिवसभर पानं रचत होते आणि मनातल्या मनात भांडत होते. भांडायला समोर कुणी नव्हतं, एवढीच अडचण.

कन्हेरीहून माझा धाकटा भाऊ बापू आला. छपराखाली बसलेली मला बघून त्याचे डोळे भरले. "आक्का, चल घरी. हितं असं किती दिस बसणार? पोरीला बारामतीच्या शाळंत घालू." बोलणं मायेचं होतं, त्यात खोट नव्हती. पण भावाच्या घरी जायचं म्हणजे जन्मभराची पाहुणी व्हायचं, भावजयीच्या तोंडाकडे बघून चहात साखर घालायची. इथं राहायचं तर कुंपणाबाहेर. मला फक्त एक जागा हवी होती, जिथं माझ्या हातांचं काम माझं म्हणून असेल. ती इथं मिळत नसेल तर भावाचं घर काय वाईट, असं ठरवून मी बापूला म्हटलं, "एवढी उतरण होऊ दे. मग टेम्पो घेऊन ये."

उतरण म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. वेल वर वर चढत जाते आणि खाली नुसतं पानं गेलेलं लांबलचक खोड राहतं. मग बांधलेला लव्हाळा कापून वेल अलगद खाली घ्यायची, खोडाची गुंडाळी करून बुडाशी मातीत पुरायची आणि शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा झाडाला बांधायचा. पुरलेल्या पेरांना कोंब फुटले की मळा नव्यानं उभा राहतो. पण खाली घेतलेली वेल त्याच दिवशी मातीत गेली पाहिजे, उन्हात राहिली की संपली.

आणि नेमके त्या वर्षी उतरण अर्ध्यावर असताना दत्तू भावजी शिडीवरून पडले. पाय मोडला. कमल त्यांना घेऊन बारामतीच्या दवाखान्यात गेली. गडी शेजारच्या मळ्यात गुंतलेले, परवा येतो म्हणाले. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं आणि ओळीच्या ओळी वेली जमिनीवर आडव्या पडलेल्या, फटीतून आम्हां दोघींना दिसत होत्या.

 आत्याबाई उठल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पायातल्या वहाणा काढून कुंपणाशी नीट जोडीनं ठेवल्या.

"आत्याबाई?" मी म्हटलं.

"मालक गेला. लेक गेला. आता ह्यो मळा बी म्या बसून मरताना बघू व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू इचार करून ये. येल जगला तर कुणी काय बोलायचं न्हाय. मेला तर खापर आपल्या दोघींच्या डोक्यावर फुटंल."

"आणि दत्तू भावजी?"

"त्येला म्या दूध पाजलंय. त्याचं म्या बघती."

मी ह्यांच्या स्लिपर त्यांच्या वहाणांशेजारी ठेवल्या आणि आत गेले.

आत गेल्यावर आत्याबाईंनी पहिल्या शेवरीच्या बुंध्यावर तळहात ठेवला. "केवढी झाली गं," एवढंच म्हणाल्या. त्यांनीच लावलेली होती ती. मग पदर खोचला आणि जी कामाला लागली म्हातारी, की मला दम घेऊ देईना. डोक्यावर घागर घेताना फडक्याची चुंबळ करतो, तशी वेलीची गुंडाळी करायची. घाई केली तर पेर मोडतं. माझी पहिली वेल कट्टकन मोडली, तेव्हा मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "मोडू दे. माझ्याकडनं बी मोडल्यात. फुडची घे." मोटार चालू करून मातीखाली गेलेल्या ओळींना पाणी सोडत गेलो. नखांत माती, कमरेचे तुकडे, आणि दिवस कलला तरी आम्ही आतच.

शेवटची ओळ झाकून बाहेर आलो. कुंपणाशी ह्यांच्या स्लिपर दिसल्या आणि माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मला ह्यांची एकदाही आठवण झाली नव्हती. एकदाही नाही! ते गेल्यापासून असा एक तास गेला नव्हता. मी तिथंच मातीत बसले आणि गळा काढून रडले. चोरीच पकडली गेल्यासारखं वाटत होतं.

आत्याबाई शेजारी टेकल्या. त्या बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगते. "मेंढरांमागं व्हतो तवा माझं थोरलं लेकरू वाटंवर गेलं. तितंच पुरलं. दुसऱ्या दिशी मेंढरं हलली. मला वाटलं माझं पाय न्हाय निघायचं. पन निघालं. इसरली म्हून न्हाय निघालं, बाई. मेंढरास्नी पानी पायजे व्हतं म्हून निघालं." मग म्हणाल्या, "रड पोटभर. पन उद्या यायचंय हितं."

अकरा वर्षं मी त्यांची सून होते आणि हे लेकरू मला माहीत नव्हतं. बहुतेक ह्यांनाही नसावं.

दत्तू भावजी प्लास्टर घालून आले आणि आत्याबाईंनी त्यांना स्वतः सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. पाय धड असता तर उठून गेलेच असते. पुढचे काही आठवडे घरात भांड्यांचा तेवढा आवाज. गावात कुजबुज पोचलीच. आठवड्याच्या बाजारात एकीनं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "दोघींनी मिळून मळा बुडवला म्हनं." मी गवार निवडत राहिले. पण अजून मातीतून काहीच वर आलं नव्हतं. आत्याबाई रोज सकाळी आत जायच्या, ओळींवरून फिरायच्या आणि मान हलवत बाहेर यायच्या. आता जायचं थांबवून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

मग एका सकाळी त्या बाहेर आल्याच नाहीत. मी घाबरून आत धावले. म्हातारी वाफ्यात उकिडवी बसली होती आणि बोटानं माती बाजूला करत होती. खाली पांढुरका, लालसर टोकाचा कोंब. पलीकडे दुसरा. मी ओळीच्या शेवटापर्यंत वाकून बघत गेले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि मग मी परत रडले. रडणं माझं तेव्हा हुकमी होतं.

नव्या वेलीचा पहिला खुडा झाला त्या दिवशी बापू टेम्पो घेऊन आला होता, ठरल्याप्रमाणे. आमच्यात पहिली पानं देवापुढं घरची सवाष्ण ठेवते, म्हणजे कमलच. दत्तू भावजी काठी टेकत टेकत मळ्यातून आले, हातात पानांची चवड. कमलनं ताट पुढं केलं. त्यांनी पानं ताटात ठेवली आणि ताटाकडेच बघत म्हणाले, "आय, ह्या बारीला पानं तुमी ठेवा. तू न्हायतर वहिनी."

 कमलनं ते ताट उचललं आणि आपणहून आत्याबाईंपुढं धरलं.

"माझं काय, मी आता पिकलं पान," आत्याबाई म्हणाल्या. "सुनंदाला ठेवू दे. मळा तिला बी वळखाय लागलाय."

मी हात धुऊन पानं ठेवली.  बापूनं चहा घेतला, रेखाच्या हातात खाऊ दिला आणि रिकाम्या टेम्पोचं फाळकं लावता लावता म्हणाला, "मी येतू, आक्का. सुट्टीला ये." भावजय बिचारी वाट बघत असेल, साखर जपून वापर म्हणावं, असं मी त्याला चिडवलं. खूप दिवसांनी मी कुणाला तरी चिडवलं होतं.

पुढची बारा वर्षं, आत्याबाई जाईपर्यंत, आम्ही दोघी त्या मळ्यात होतो. आत्याबाईंचं शिक्षण शून्य, बोलणं मोजकं, आणि कुणाशी वाद म्हणून घातला नाही. पण स्वतः इतकी वर्षं पाळलेली रीत त्यांनी एका सकाळी मोडली, आणि मोडून झाल्यावर त्याचा कधी गाजावाजा केला नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. झाले की नाही, ठाऊक नाही. माझं तोंड फार चालतं.

मध्यंतरी एकदा वालचंदनगरला येऊन गेले. तुम्हांला कळवलं नाही, रागावू नका. आपल्या लाइनीत गेले, जुन्या फाटकाशी उभी राहिले. तारेवर दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते. एका मुलीनं विचारलं, "कोण हवंय, काकू?" म्हटलं, कुणी नाही गं. वाईट वाटेल असं धरून गेले होते. पण डोक्यात एकच चाललं होतं, की संध्याकाळी लाइट जायच्या आत घरी पोचून मळ्याला पाणी सोडायला हवं.

रेखा पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. "आई, आता ये ना कायमची," म्हणते. जाते मी चार दिवस, लिफ्टचं बटण दाबायला मला फार आवडतं. मग परत येते. एसटीतून उतरते, वस्तीकडे चालत येते, कुंपणाशी चपला काढते. ह्यांच्या त्या स्लिपर केव्हाच झिजून गेल्या, आता माझ्या मापाच्या असतात. त्या जोडीनं ठेवते. शेजारी एका जोडीपुरती जागा सोडते, आणि आत जाते.